सोळा आण्यांची नजर

‘नजरअंदाज’ हा शब्द महाराष्ट्रात सध्या दोन अर्थांनी चालतो. हिंदी चित्रपट आणि वाहिन्यांच्या वाटेने आलेला अर्थ आहे दुर्लक्ष करणे, कानाडोळा करणे. दुसरा अर्थ तहसील कचेरीतला आहे आणि तो जुना आहे. खरीप अर्ध्यावर आला की वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर ‘नजरअंदाज पैसेवारी जाहीर’ अशी एक छोटी बातमी येते. पीक शेतात उभे असताना ते डोळ्यांनी पाहून यंदा किती येईल याचा केलेला अदमास, असा तिथे त्याचा अर्थ असतो. एका अर्थात पाहणे टाळायचे असते, दुसऱ्यात पाहण्यावरच सगळी भिस्त असते. शेतकऱ्याला मात्र बऱ्याचदा दोन्ही अर्थ एकाच कागदावर भेटतात.

पैसेवारीचे गणित ऐकायला सोपे आहे. गावात पिकाचे जे प्रमाण उत्पन्न धरलेले असते, ते शंभर पैसे. यंदाचे उत्पन्न त्याच्या निम्मे असेल तर पैसेवारी पन्नास. पन्नासच्या खाली गेलेल्या गावाला जमीन महसुलात सूट, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, मुलांच्या परीक्षा शुल्कात माफी, अशी दाराची एक रांग उघडते. एक्कावन्नच्या गावाला ती दारे बंद. शेजारशेजारच्या दोन शिवारांत पावसाची एकच सर पडलेली असते, पण आकड्याची रेघ दोघांच्या मधून जाते.

कामाच्या ठिकाणी निर्णय घेताना मनाच्या कौलावर किती विसंबावे, हा प्रश्न आजकाल व्यवस्थापनशास्त्राचा समजला जातो. त्याची उदाहरणे कंपन्यांच्या संचालकांची, नोकरभरती करणाऱ्यांची, डॉक्टरांची असतात. आपल्याकडे हाच प्रश्न महसूल खात्याने निदान दोनशे वर्षे हाताळला आहे. डोळ्यावर विश्वास ठेवून पाहिला, डोळा बाजूला सारून पाहिला, त्याला नियमांत बांधून पाहिले, शेवटी चिठ्ठ्या टाकूनही पाहिले. या सगळ्या प्रयोगांचे परिणाम लोकांच्या पोटावर उमटले. त्यामुळे मनाचा कौल आणि मोजमाप यांच्या नात्याबद्दल पुस्तकी चर्चेपेक्षा आपल्या दफ्तरांतून अधिक शिकता येते.

हा इतिहास नाशिकमधून पाहण्याला एक कारण आहे. या एका जिल्ह्यात इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि येवला, नांदगावकडे पाचशेच्या आसपास. जुन्या दफ्तरांत या जिल्ह्याचे दोन भाग सांगितलेले असत: पश्चिमेचा डांग आणि पूर्वेचा देश. डांगात भात आणि नागली, देशावर बाजरी आणि गहू. एकच फूटपट्टी घेऊन येणाऱ्या कोणत्याही अधिकाऱ्याची परीक्षा पाहणारा हा मुलूख आहे.

पाहणी आणि बोली

मराठी राज्यात शेतसाऱ्याच्या मुळाशी ‘पाहणी’ हा शब्द होता. जमिनीची मोजणी काठीने होई, पण जमिनीचा कस आणि पिकाचा अंदाज पाहूनच ठरे. शिवकाळात अण्णाजी दत्तो यांच्या व्यवस्थेत जमिनीच्या अव्वल, दूम, सीम अशा प्रती लावल्या गेल्या. पाहणीला सरकारी माणूस एकटा जात नसे. गावचा पाटील, कुलकर्णी, परगण्याचे देशमुख-देशपांडे आणि जाणती कुळे बरोबर असत. सरकारी माणसाला सारा जास्त हवा असे, गावाला कमी, आणि वतनदाराला दोन्हीकडून आपला वाटा. प्रत्येकाची नजर आपल्या सोयीची होती, पण सगळ्यांच्या नजरा एकाच शेतावर एकाच वेळी पडत. निघणारा आकडा तडजोडीचा असे. ती पद्धत न्याय्य होती असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल, कारण गावात ज्याचे वजन अधिक त्याची जमीन पाहणीत हलकी पडण्याचा संभव कायमच असतो. तरीही त्यात एक गोष्ट होती: चुकीच्या अंदाजावर जागच्या जागी हरकत घेणारा माणूस हजर असे.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात हे मोडले. महसुलाचे मक्ते लिलावाने दिले जाऊ लागले. जो जास्त बोली लावील त्याला वसुलीचा अधिकार. आता शेताकडे पाहण्याची गरजच उरली नाही. आकडा पुण्यात ठरे, आणि तो शेतातून कसाही काढायचा एवढेच काम मक्तेदाराकडे राही. १८१८ नंतर कंपनी सरकारने मक्त्यांची पद्धत बंद केली, पण जमिनीचा कस कसा ठरवायचा हा प्रश्न तसाच उभा होता.

सिद्धांत शिकून आलेला साहेब

या प्रश्नाला पहिले पद्धतशीर उत्तर रॉबर्ट कीथ प्रिंगल याने दिले. कंपनीचे मुलकी अधिकारी तयार करणारे कॉलेज इंग्लंडात हेलीबरीला होते आणि तिथे अर्थशास्त्र शिकवायला खुद्द माल्थस होते. खंडाचा जो सिद्धांत पुढे रिकार्डोच्या नावाने प्रसिद्ध झाला, त्यावर हे तरुण अधिकारी पोसले गेले. जमिनीच्या एकूण उत्पन्नातून लागवडीचा सगळा खर्च वजा केला की जे उरते ते निव्वळ उत्पन्न, आणि सरकारचा हिस्सा त्यातूनच घ्यायचा. प्रिंगलने हा हिस्सा ५५ टक्के धरला. १८२० च्या दशकाच्या अखेरीस पुणे जिल्हा आणि आसपासच्या भागात त्याने मोजणी सुरू केली. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे एकूण उत्पन्न किती, बैलांचा खर्च किती, बी किती, मजुरी किती, याची कोष्टके भरली गेली.

कागदावर याहून नेटका हिशेब सापडणे कठीण. पण कोष्टकातले आकडे येणार कुठून? हाताखालच्या कारकुनांनी ते गावागावांतून आणले, आणि ते आणताना कोणी चिरीमिरी घेतली, कोणी अंदाज ठोकला, कोणी शेजारच्या गावाचा आकडा उतरवला. बाजरीच्या एका शेताचे दहा वर्षांचे सरासरी उत्पन्न आणि त्यावरचा खर्च अचूक सांगू शकेल अशी वही कोणत्याच कुळाजवळ नव्हती. चुकीचे आकडे बरोबर सूत्रात घातले गेले आणि उत्तर आण्या-पैपर्यंत काटेकोर निघाले. त्यात त्या वर्षांत धान्याचे भाव घसरले. सारा भरेना, वसुलीसाठी छळ झाला, आणि इंदापूरसारख्या तालुक्यात लोक जमिनी टाकून निघून गेले.

प्रिंगल दुष्ट नव्हता आणि आळशीही नव्हता. जमिनीकडे पाहून वाटणाऱ्या अंदाजावर विसंबायचे नाही, सगळे हिशेबाने ठरवायचे, हा त्याचा आग्रह आजच्याही बऱ्याच कचेऱ्यांना पटेल. त्याचा हिशेब ज्या पहिल्या आकड्यावर उभा होता, तो आकडा मात्र कुणाच्या तरी अंदाजाचाच होता. अंदाज नाहीसा झाला नव्हता. तो एक पायरी खाली, जिथे साहेबाची नजर पोचत नव्हती तिथे सरकला होता.

पावणेदोन हात खोल

१८३५ साली इंदापूरची फेरमोजणी एच. ई. गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट या दोघांकडे आली. एक मुलकी अधिकारी, दुसरा इंजिनिअर. त्यांनी निव्वळ उत्पन्न काढण्याचा नाद सोडून दिला. या शेतात किती पिकते, हे आपल्याला नक्की कळणार नाही. पण हे शेत त्या शेतापेक्षा किती बरे किंवा वाईट, हे सांगता येईल, अशी त्यांच्या पद्धतीमागची धारणा होती. डोळ्याला आकडा सांगणे जमत नाही, तुलना करणे जमते. ही साधी ओळख त्यांच्या कामाचा पाया ठरली.

मोजणी शंकू-साखळीने होई. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा भाग, आणि त्या भागांनाही नाव ‘आणे’. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. नंतर प्रतबंदीचे कारकून शेतात उतरत. शेताचा कच्चा नकाशा काढून त्याचे चौकोन पाडत आणि प्रत्येक चौकोनात जमीन उकरून खोली पाहत. मातीचे पोत आणि रंगावरून तीन गट केलेले होते: काळी ते गडद तपकिरी बारीक पोताची, मग तांबूस आणि जराशी भरड, आणि शेवटी खडीमिश्रित फिकट. सर्वात चांगल्या गटातली पावणेदोन हात खोल माती म्हणजे पहिली प्रत, सोळा आणे. तिथून खाली चौदा, बारा, दहा, आठ, सहा, साडेचार, तीन आणि दोन आणे, अशा एकूण नऊ प्रती. चुनखडी असली, वाळू मिसळलेली असली, जमीन उताराची असली, पाणी धरून ठेवत असली किंवा ओढ्याचे पाणी माती वाहून नेत असले, तर त्या प्रत्येक दोषासाठी ठरावीक खूण, आणि दोषागणिक एक प्रत खाली.

हे सारे नजरेचेच काम होते. माती ‘बारीक’ कधी आणि ‘भरड’ कधी, हे कोणतेही यंत्र सांगत नव्हते. पण एका मोठ्या अंदाजाचे त्यांनी लहान लहान अंदाज केले होते. ‘हे शेत कसे आहे?’ असे न विचारता खोली किती, रंग कोणता, उतार आहे का, असे विचारले जाई, आणि प्रत्येक उत्तर नकाशावर खुणेने नोंदवले जाई. त्यामुळे वरचा अधिकारी काही शेते पुन्हा उकरून तपासू शके. नजर चुकली तर कुठे चुकली हे सापडत असे.

एक मोठा निर्णय मात्र त्यांनी कोष्टकाच्या बाहेर ठेवला. सोळा आण्यांच्या जमिनीला प्रत्यक्ष रुपये किती लावायचे, हा तो निर्णय. गावांचे हवामान, बाजाराचे अंतर, शेतीची रीत, आधीच्या वर्षांची वसुली आणि पडीक जमिनीचा इतिहास पाहून अधिकाऱ्याने तो स्वतःच्या समजुतीने घ्यायचा होता. एकदा घेतला की तीस वर्षे बदल नाही. इंदापुरात हे दर बेताचे लागले आणि पडीक जमीन पुन्हा लागवडीखाली येऊ लागली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने ही पद्धत मुंबई इलाख्याची रीत म्हणून पक्की केली.

आजच्या नाशिक जिल्ह्यातल्या देशावरच्या तालुक्यांत ही मोजणी १८४० च्या दशकात आली. काळ्या सपाट जमिनीवर नऊ प्रतींचे माप बरे बसले. डांगात ते अडखळले. डोंगरउतारावर एक-दोन वर्षे नागली-वरई घ्यायची आणि मग जमीन विसाव्याला टाकायची, अशी जिथे रीत, तिथे पावणेदोन हात खोलीचा अर्थ काय? अशा भागात जमीन न मोजता नांगरावर पट्टी बसवण्याची औतबंदी पुढेही चालू राहिली. आपले माप कुठे लागू नाही हे त्या व्यवस्थेने निदान तिथे तरी मान्य केले.

या पद्धतीचे कौतुक करताना दुसरी बाजू विसरता येत नाही. शेवटचा दर साहेबाच्या समजुतीवर असल्यामुळे त्याला ठाम तत्त्व नव्हते आणि त्याविरुद्ध दाद मागायलाही जागा नव्हती. तीस वर्षे संपून फेरआकारणी सुरू झाली, तेव्हा मधल्या काळात रेल्वे आली होती, कापसाची तेजी येऊन गेली होती, आणि चढलेल्या भावांच्या आठवणीवर नवे दर चढले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या आकारणीविरुद्ध गाऱ्हाणी मांडली. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये आणखी पुढचा प्रश्न उभा केला. गोरा अधिकारी ऐषआरामात गुंतलेला आणि पाहणारा डोळा त्याच्या ब्राह्मण कारकुनाचा, हे त्यांनी दाखवून दिले. नजर म्हटली की ती कुणाची, आणि ती ज्याच्यावर पडते त्याच्याशी तिचे नाते काय, हा प्रश्न महसुली कागदांत कुठेच नव्हता. तो फुल्यांनी मांडला.

चार आणे की सहा आणे

जमिनीची प्रत तीस वर्षांतून एकदा ठरे. पिकाचा अंदाज मात्र दर वर्षी लागे. त्यातून आणेवारी आली. उत्तम पीक सोळा आणे, आणि त्याच्या मानाने यंदाचे किती आणे, हे गावच्या पातळीवर पाहून ठरवायचे. भाषेत हे इतके मुरले की ‘सोळा आणे खरे’ हा शब्दप्रयोग आणे चलनातून गेल्यावरही टिकला. १९५७ साली दशमान नाणी आली आणि कालांतराने आणेवारीची पैसेवारी झाली, पण जुने शेतकरी अजून आणेवारीच म्हणतात.

मुंबई इलाख्याच्या नियमात आणेवारीला दोन उंबरठे होते. पीक चार आण्यांच्या आत असेल तर त्या वर्षीची पूर्ण वसुली तहकूब, चार ते सहा आण्यांच्या दरम्यान असेल तर निम्मी, सहाच्या वर पूर्ण वसुली. म्हणजे बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या मनात ‘साडेतीन’ आले की ‘साडेचार’, यावर गावाचे वर्ष ठरे. १९१७ च्या अतिवृष्टीनंतर खेड्यात नेमके हेच झाले. शेतकरी म्हणत पीक चार आण्यांच्या आत आहे, अधिकारी म्हणत त्याहून जास्त आहे. भारतसेवक समाजाचे देवधर, जोशी आणि ठक्कर यांनी जाऊन चौकशी केली, त्यांना शेतकऱ्यांचे म्हणणे रास्त वाटले. स्वतंत्र चौकशीची मागणी सरकारने मानली नाही, तेव्हा मार्च १९१८ मध्ये गांधीजींनी सत्याग्रह पुकारला. भारतातल्या एका मोठ्या लढ्याचा विषय अखेर एक नजरअंदाज होता.

दहा वर्षांनी बार्डोलीत उलटा प्रकार घडला. तिथे फेरआकारणी करणारे अधिकारी जयकर यांनी तीस टक्के वाढ सुचवली आणि वाढीच्या समर्थनार्थ खंडाच्या व्यवहारांची आकडेवारी पुढे केली गेली. सरकारने ती बावीसवर आणली. सत्याग्रहानंतर ब्रूमफिल्ड आणि मॅक्सवेल या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी गावोगाव फिरून चौकशी केली, तेव्हा ती आकडेवारी गावात नीट तपासलीच गेली नव्हती असे निघाले. त्यांनी शिफारस केलेली वाढ सहा टक्क्यांच्या आसपास होती. खेड्यात सरकारी नजरेवर लोकांचा भरवसा नव्हता, तर बार्डोलीत न पाहता जमवलेल्या आकड्यांवर. प्रिंगलची गोष्ट नव्वद-शंभर वर्षांनी नव्या रूपात समोर आली होती.

आणेवारीत आणखी एक खोट होती आणि ती कुणाच्या लबाडीची नव्हती. सोळा आणे पीक म्हणजे नेमके किती, हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हते. शेतकऱ्याच्या मनात सोळा आणे म्हणजे आजोबांच्या काळातले एखादे सुगीचे वर्ष. त्या मानाने प्रत्येक वर्ष उणेच. शिवाय वर्षभराच्या कष्टाचे माप डोळ्यांसमोर असताना सढळ हाताने आणे देणे कुणाच्या जिवावर येते, आणि उंबरठ्याजवळ हात थरथरतो. साऱ्या देशाच्या धान्याचा हिशेब अशा गावोगावच्या थरथरींची बेरीज करून मांडला जात होता. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाने असा हिशेब किती पोकळ असू शकतो हे दाखवले.

चिठ्ठीवरचे शेत

यावर तोडगा शोधणाऱ्यांत एक मराठी नाव ठळक आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. फर्ग्युसन कॉलेजात शिकून ते लंडनला गेले, संख्याशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आले, आणि १९४० पासून दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत काम करू लागले. त्यांच्या आधी १९२० च्या दशकात हबॅक या मुलकी अधिकाऱ्याने बिहार-ओरिसात भातावर असा प्रयोग केला होता. कल्पना अशी: कोणत्या शेतात पीक कापून तोलायचे हे माणसाने ठरवायचेच नाही. ‘सरासरी दिसणारे’ शेत निवडायला सांगितले की प्रामाणिक माणूसही नकळत जरा बरे शेत निवडतो. म्हणून गाव, शेत आणि शेतातली जागासुद्धा यादृच्छिक आकड्यांनी, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखी, निवडायची. तिथे चौकट आखायची, आतले पीक कापायचे, मळायचे, तोलायचे.

सुखात्म्यांच्या प्रयोगांतली एक चौकट ३३ फूट बाय साडेसोळा फुटांची होती. म्हणजे लांबीला एक साखळी, रुंदीला अर्धी. क्षेत्र अर्धा गुंठा. गोल्डस्मिड-विंगेटच्या साखळीचे माप शंभर वर्षांनी नव्या शास्त्राच्या कामी आले.

कलकत्त्याला प्रशांतचंद्र महालनोबिस तागावर आणि भातावर असेच काम करत होते, पण त्यांच्या चौकटी फार लहान होत्या. यावरून दोघांत मोठा वाद झाला. सुखात्म्यांचे निरीक्षण असे, की चौकट लहान असली तर उत्पन्न नेहमी जास्त भरते. कारण काठावरचे रोप आत धरायचे की बाहेर, हे कापणाऱ्याला दर वेळी ठरवावे लागते, आणि भरलेले कणीस समोर दिसले की हात ते आत ओढतो. लहान चौकटीत काठाचे प्रमाण मोठे, म्हणून चूकही मोठी. महालनोबिसांचे म्हणणे असे, की माणसे नीट शिकवली आणि तपासली तर लहान चौकटीही चालतात, शिवाय कमी खर्चात जास्त ठिकाणी घेता येतात. तपासण्यासाठी त्यांनी एक सुंदर युक्ती काढली होती. एकाच भागात दोन स्वतंत्र पथके पाठवायची. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर चूक पिकाची नव्हे, पाहणाऱ्याची आहे हे कळते.

या वादातून आजचे पीक कापणी प्रयोग आकाराला आले. व्ही. जी. पानसे आणि सुखात्मे यांचे १९५४ चे संख्याशास्त्राचे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या कृषी महाविद्यालयांत शिकवले गेले. माणसाची नजर कितीही हटवली तरी काठावरच्या एका रोपापुरती ती उरतेच, हे मात्र त्या वादाने कायमचे नोंदवून ठेवले.

योगायोग असा, की १९५४ सालीच अमेरिकेत पॉल मील या मानसशास्त्रज्ञाने जाणकारांचे अंदाज आणि साधी संख्याशास्त्रीय सूत्रे यांची तुलना करणारे छोटे पुस्तक लिहिले. बहुतेक ठिकाणी सूत्र जाणकाराच्या बरोबरीचे किंवा सरस ठरत होते. तिथून मनाच्या कौलाविरुद्धचा खटला सुरू झाला. मग गॅरी क्लाइन यांनी आग विझवणाऱ्या दलांच्या प्रमुखांचा अभ्यास करून उलट बाजू मांडली: अनुभवी माणूस पर्याय तोलत बसत नाही, त्याला परिस्थिती ओळखू येते आणि बहुधा बरोबर येते. २००९ मध्ये क्लाइन आणि डॅनियल काहनमन हे दोन विरोधक एकत्र लिहायला बसले आणि एका मुद्द्यावर जुळले. मनाचा कौल विश्वासार्ह व्हायला दोन अटी लागतात. ज्या क्षेत्रात निर्णय घ्यायचा तिथे काही नियमितपणा असला पाहिजे, आणि आपण बरोबर होतो की चूक, हे निर्णय घेणाऱ्याला वारंवार आणि लवकर कळले पाहिजे.

लासलगावची नजर

या दोन अटी नाशिक जिल्ह्यातच शेजारी शेजारी तपासता येतात. लासलगावच्या बाजार समितीत, १९४७ पासून, कांद्याचा लिलाव नजरेवर चालतो. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते, व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी थांबतो, हात आत जातो, दोन-चार कांदे वर येतात. आकार, रंग, पत्तीची चकाकी, मान बारीक की जाड, ओल किती. बोली लागते आणि घोळका पुढच्या ट्रॉलीकडे जातो. काही क्षणांत शेतकऱ्याच्या चार महिन्यांची किंमत ठरते. हे पाहून बाहेरच्याला जुगार वाटतो, पण व्यापाऱ्याची नजर कडक शाळेत शिकलेली असते. जाड मानेचा, ओला माल भरला तर दूरच्या बाजारात पोचेपर्यंत त्यातला किती सडला हे आठवड्याच्या आत फोनवर कळते, आणि नुकसान त्याच्याच खिशातून जाते. काहनमन-क्लाइन यांच्या दोन्ही अटी इथे पुऱ्या होतात.

द्राक्षबागायतदाराचेही तसेच. गोडी छाटणी कधी घ्यायची हा त्याचा वर्षातला सर्वात जोखमीचा निर्णय. बागलाणातले काही शेतकरी आगाप बाजार मिळावा म्हणून पावसाळ्यातच छाटतात, निफाड-दिंडोरीकडे परतीच्या पावसाचा अंदाज घेऊन थांबतात. काडी पाहून, डोळा दाबून, आभाळाकडे बघून तो दिवस ठरतो, आणि चूक त्याच हंगामात घडावर दिसते.

पण त्याच लासलगावला दुसरी अट मोडलेली नसूनही पहिली मोडते, असा एक प्रसंग दर काही वर्षांनी येतो. उन्हाळ कांदा चाळीत ठेवायचा की आता विकायचा, हा शेतकऱ्याचा अंदाज पाऊस, साठा आणि मागणी यांवर बांधलेला असतो. ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातबंदी आली, मे २०२४ मध्ये उठली. असा हुकूम कधी येईल हे चाळीतला कांदा पाहून सांगता येत नाही. इथे अनुभव वाढतो, पण त्यातून अंदाज सुधारत नाही. चाळीत कांदा सडला की लोक शेतकऱ्याचा अंदाज चुकला असे म्हणतात. खरे तर तिथे अंदाजाला शिकायला जागाच ठेवलेली नसते.

आता तलाठ्याच्या नजरेकडे पाहू. तो सप्टेंबरात शिवार पाहतो आणि नजरअंदाज कळवतो. पुढे सुधारित आकडा येतो, मग अंतिम. मध्यंतरी त्याची बदलीही झालेली असते. त्याचा सप्टेंबरातला अंदाज अंतिम आकड्यापासून किती दूर होता, हे त्याला कुणी सांगत नाही आणि त्याबद्दल कुणी विचारतही नाही. शेतकऱ्याच्या नजरेला दर वर्षी खळ्यावर उत्तर मिळते, व्यापाऱ्याच्या नजरेला दूरच्या बाजारपेठेतून. तलाठ्याच्या नजरेला उत्तरच मिळत नाही. वीस वर्षे नोकरी करूनही तिचे वय पहिल्या वर्षाएवढेच राहू शकते. यात त्याचा दोष नाही. त्याच्या कामाची घडणच तशी आहे.

उपग्रह आणि बांध

केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेने पैसेवारीवरचा भर कमी केला. आता आधी पावसाची तूट पाहायची, मग उपग्रहावरून पिकांचा हिरवेपणा, जमिनीतली ओल, पेरणीचे क्षेत्र, धरणसाठा. या चाळण्यांतून गेलेल्या तालुक्यातल्या दहा टक्के गावांत जाऊन प्रत्यक्ष पडताळणी करायची. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्याने या पद्धतीने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत नाशिक जिल्ह्यातले मालेगाव, सिन्नर आणि येवला होते. यादीत इंदापूरही होते. शेजारच्या तालुक्यांतून लगेच ओरड झाली, आणि दहाच दिवसांत आणखी १०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर करावी लागली. तालुक्याच्या सरासरीत एका मंडळाचा कोरडा पट्टा बुडून जातो. सिन्नरचा पश्चिम भाग आणि पूर्व भाग ज्याने पाहिला आहे, त्याला हे सांगावे लागत नाही.

उपग्रहाचा आकडा प्रिंगलच्या कोष्टकापेक्षा कितीतरी खरा आहे आणि त्याला चिरीमिरी देता येत नाही. पण हिरवेपणा म्हणजे दाणा नव्हे. पाऊस वेळेवर न आल्याने फुलोरा गळालेली बाजरी वरून हिरवीच दिसते. तो फरक ओळखायला शेवटी कुणीतरी बांधावर उभे राहून कणीस हातात घ्यावे लागते आणि मोबाइलमधल्या रकान्यात काहीतरी भरावे लागते. जिथे यंत्र थांबते तिथे पुन्हा नजरच उभी असते, आणि ती शिकलेली असेल की नाही हे आपण कधी पाहिलेले नाही.

गोल्डस्मिड-विंगेट यांनी मोठ्या अंदाजाचे तुकडे करून ते नोंदवायला लावले, महालनोबिसांनी दोन पथके पाठवली, सुखात्म्यांनी काठावरच्या रोपाची चूक मोजली. तिघांनीही नजर काढून टाकली नाही. ती कुठे फसते याची वही ठेवली. ती वही आज सहज ठेवता येईल. प्रत्येक गावाचा सप्टेंबरातला नजरअंदाज, कापणी प्रयोगातून आलेला अंतिम आकडा, आणि दोहोंतला फरक, असे तीन रकाने ग्रामपंचायतीच्या फलकावर दर वर्षी शेजारी शेजारी लिहायचे. तलाठी बदलला तरी फलक राहील. चार-पाच वर्षांत गावालाही दिसेल की आपली नजर किती उणे धरते, आणि कचेरीलाही दिसेल की तिचा डोळा पन्नासच्या जवळ आला की कोणत्या बाजूला झुकतो. दोन्ही आकडे दफ्तरात आधीपासूनच आहेत. अजून कुणी ते एका ओळीत मांडलेले नाहीत.